परीकथेवर बेतलेले साहसी व्हिडिओ गेम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किल्ला, जादूगार आणि ड्रॅगन असले म्हणजे तो परीकथेचा गेम झाला का?

तसे म्हणता येत नाही. किल्ले आणि ड्रॅगन वीरकथेत असतात, महाकाव्यात असतात आणि बाजारात दरवर्षी येणाऱ्या असंख्य युद्धगेममध्येही असतात. परीकथा ओळखू येते ती तिच्या वागण्यावरून. तिच्यात राज्याचा नकाशा नसतो, वंशावळ नसते, सनावळ्या नसतात. ‘आटपाट नगर होतं’ एवढे म्हटले की ऐकणारा नगरात पोहोचलेला असतो. पात्रांना बहुधा नावेही नसतात. धाकटी राजकन्या, सावत्र आई, लाकूडतोड्या एवढ्यावर भागते. चमत्कार घडला तर कोणी दचकत नाही. कोल्हा बोलू लागला तर नायक त्याला ‘तुला बोलता कसे येते?’ असे न विचारता ‘पुढचा रस्ता कोणता?’ असे विचारतो. ज्या गेममध्ये जादूचा उगम समजण्यासाठी आधी पोथीभर मजकूर वाचावा लागतो, तो आपल्या जागी उत्तम असेलही, परंतु त्याचे घराणे वेगळे आहे.

मग अशा गेमचा सर्वांत महत्त्वाचा गुण कोणता मानावा?

परीकथेचे स्वतःचे कायदे असतात. दिलेला शब्द पाळावा लागतो, वाटेत भेटलेल्या म्हातारीला भाकरीचा तुकडा देणाऱ्यालाच पुढे मदत मिळते, उघडू नये म्हणून सांगितलेली खोली उघडली जातेच आणि तिसऱ्या खेपेला काहीतरी वेगळे घडते. उत्तम गेममध्ये हे कायदे केवळ गोष्टीत सांगितलेले नसतात. ते खेळणाऱ्याच्या बोटांना पाळावे लागतात. माझ्या मते हीच या प्रकाराची खरी कसोटी आहे आणि चित्रे, संगीत, संवाद या सगळ्या गोष्टी तिच्यानंतर येतात.

एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. (पुढील परिच्छेदात त्या गेमचा शेवट उघड होतो, ज्यांना तो स्वतः अनुभवायचा आहे त्यांनी थेट पुढच्या प्रश्नाकडे जावे.)

जोसेफ फारेस यांनी दिग्दर्शित केलेला ‘ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स’ हा गेम २०१३ मध्ये आला. आजारी वडिलांसाठी जीवनजल आणायला निघालेले दोन भाऊ, एवढीच कथा आहे आणि ती शेकडो लोककथांत सापडेल. कंट्रोलरवरच्या दोन दांड्यांपैकी डावी थोरल्याला चालवते आणि उजवी धाकट्याला. प्रत्येकाच्या कृतीसाठी त्याच बाजूचे एक बटण आहे. आई पाण्यात बुडून गेल्यामुळे धाकट्याला पाण्याची धास्ती आहे, म्हणून तो थोरल्याच्या पाठीला धरूनच नदी ओलांडतो. प्रवासात थोरला मरतो. परतीच्या वाटेवर धाकटा एकटाच पाण्याच्या काठाशी उभा राहतो आणि त्याचे बटण कितीही दाबले तरी पाण्यात उतरत नाही. अखेर खेळणाऱ्याचे बोट, कित्येक मिनिटे नुसते पडून राहिलेले डाव्या बाजूचे बोट, थोरल्याच्या बटणावर जाते आणि धाकटा पोहू लागतो. मेलेल्या भावाचे बळ जिवंत भावाला मिळणे हा परीकथेतला जुना प्रसंग आहे, पण येथे तो कोणी बोलून दाखवत नाही. या गेममधील पात्रे कोणत्याही ओळखीच्या भाषेत बोलतच नाहीत.

‘नी नो कुनी’ या जपानी गेममध्ये (२०११) हाच गुण वेगळ्या रीतीने दिसतो. ज्याच्याजवळ उत्साह किंवा दया जास्त आहे त्याच्याकडून ती मागून घ्यायची आणि ज्याच्या मनात तिचा दुष्काळ पडला आहे त्याला नेऊन द्यायची, हे ऑलिव्हर या मुलाचे काम आहे. स्टुडिओ घिब्लीची ॲनिमेशने आणि जो हिसाइशी यांचे संगीत यांमुळे तो गाजला, हे खरे. मला मात्र ही देवघेव अधिक लक्षात राहिली.

या प्रकाराची सुरुवात कोणत्या गेमपासून मानतात?

‘किंग्ज क्वेस्ट’ या गेमचे नाव बहुतेक जण घेतात आणि ते योग्यच आहे. सिएरा ऑन-लाइन या अमेरिकी कंपनीसाठी रॉबर्टा विल्यम्स यांनी त्याची रचना केली आणि १९८४ मध्ये तो आयबीएमच्या पीसीज्युनियर या संगणकासाठी प्रसिद्ध झाला. त्याआधीचे साहसी गेम एक तर निव्वळ मजकुराचे असत किंवा स्थिर चित्रांचे. येथे सर ग्रॅहॅम नावाचा सरदार चित्रात स्वतः हिंडत असे, झाडाच्या मागे गेला की दिसेनासा होत असे आणि पुढे आला की पुन्हा दिसत असे. आज यात नवल वाटणार नाही. त्या काळी लोक केवळ तेवढ्यासाठी त्याला झाडाभोवती फिरवत राहत असणार, अशी माझी कल्पना आहे.

हरवलेल्या तीन जादुई वस्तू शोधून आणायच्या आणि राज्य मिळवायचे, अशी त्याची मांडणी आहे. वाटेत खाऊच्या घरातली चेटकीण भेटते, जिला पाठीमागून तिच्याच भट्टीत ढकलता येते. एक बुटका भेटतो आणि आपले नाव ओळखायला तीन संधी देतो. रम्पेलस्टिल्टस्किनची जर्मन कथा ज्यांनी वाचली आहे ते लगेच ते नाव टाइप करतात आणि चुकतात. चेटकिणीच्या घरात एक चिठ्ठी असते. कधी कधी उलटा विचार करणे शहाणपणाचे, असे तिच्यावर लिहिलेले असते. म्हणून लोक नाव उलट्या क्रमाने लिहून पाहतात आणि पुन्हा चुकतात. उत्तर असे होते की इंग्रजी वर्णमालाच उलटी मांडायची, पहिल्या अक्षराच्या जागी शेवटचे, दुसऱ्याच्या जागी शेवटून दुसरे, आणि मग त्या अक्षरांत नाव लिहायचे. १९९० मध्ये गेम नव्याने काढला तेव्हा नाव नुसते उलटे लिहिलेलेही चालू लागले, यावरून पहिल्या कोड्याची कीर्ती काय होती ते समजावे.

मग ते कोडे वाईट होते का?

अवघड होते, परंतु अन्यायकारक नव्हते, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. तिन्ही संधी हुकल्या तरी बुटका एक किल्ली देऊन जातो आणि त्या किल्लीने डोंगरातले दार उघडून राक्षसाच्या देशात जाता येते. नाव ओळखले तर जादूच्या बिया मिळतात, वेल आभाळात चढतो आणि गुणही जास्त मिळतात. म्हणजे न ओळखणाऱ्याची वाट बंद होत नाही, फक्त ती कमी रंगतदार होते.

याच मालिकेच्या पाचव्या भागात (१९९०) उलट प्रकार आहे. गावात एक मांजर उंदराच्या मागे लागलेले दिसते. त्या क्षणी हातातला जुना बूट मांजराला फेकून मारला तर उंदीर वाचतो, आणि पुढे खानावळीच्या तळघरात नायकाला बांधून टाकल्यावर तोच उंदीर येऊन दोर कुरतडतो. उपकाराची परतफेड हा परीकथेचा अस्सल कायदा येथे गेममध्ये उतरला आहे, याबद्दल रचनाकाराला दादच द्यावी लागेल. पण बूट वेळेवर हाताशी नसला किंवा प्रसंग हातून निसटला तर खेळणाऱ्याला त्याची कल्पना येत नाही; तो पुढे कितीतरी वेळ खेळत राहतो आणि तळघरात पोहोचल्यावर त्याची सुटका अशक्य असते. गोष्टीतल्या धाकट्या राजपुत्राला वाटेत वाचवलेल्या मुंगीचे महत्त्व ठाऊक नसते, पण ऐकणाऱ्याला ते ठाऊक असते. गेममध्ये ऐकणारा आणि राजपुत्र एकच असल्यामुळे ही सोय राहत नाही. म्हणून चांगला रचनाकार दयेची संधी तीन वेळा देतो, किंवा ती चुकवणाऱ्यासाठी दुसरी, अधिक महाग वाट मोकळी ठेवतो.

परीकथेतल्या निषेधाचे, म्हणजे मनाईचे, गेममध्ये काय होते?

व्लादिमीर प्रॉप या रशियन अभ्यासकाने १९२८ मध्ये अद्भुतकथांची चिरफाड करून त्यांतली ३१ कार्ये, म्हणजे कथेला पुढे नेणाऱ्या ठरावीक घटना, क्रमाने मांडली. त्यांत अगदी आरंभी निषेध आणि त्याचा भंग ही जोडी येते. ‘जंगलातली वाट सोडू नकोस’ असे सांगितले जाते ते वाट सुटावी म्हणूनच. आपल्याकडच्या श्रावणातल्या कहाण्यांत ‘उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही’ असे वदवून घेतले जाते आणि वसा टाकला की राणीच्या कपाळी दारिद्र्य येते. तेथेही गोष्टीला वेग येतो तो वसा मोडल्यावरच.

‘टेल ऑफ टेल्स’ या बेल्जियममधील छोट्या चमूचा ‘द पाथ’ (२००९) हा लाल टोपीवाल्या मुलीच्या कथेवर बेतलेला गेम या एकाच कल्पनेवर उभा आहे. सहा बहिणींपैकी एकीला निवडून आजीच्या घरी पोहोचवायचे असते आणि वाट सोडू नये अशी सूचना असते. आज्ञाधारकपणे वाटेवरून चालत गेले की दोन-चार मिनिटांत आजीचे घर येते आणि गेम निकाल देतो: अपयशी. प्रत्येकीला तिचा लांडगा जंगलात भेटलाच पाहिजे. फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या १६९७ च्या कथेत लाल टोपीवाल्या मुलीची सुटका होत नाही; तिला वाचवणारा शिकारी आपल्याला ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात भेटतो. हा गेम पेरोच्या बाजूचा आहे. खेळायला तो संथ आहे, काही जणांना अतिशय कंटाळवाणा वाटेल आणि तो मुलांसाठी मुळीच नाही. तरीही निषेधाचा अर्थ इतक्या नेमकेपणाने मांडणारा दुसरा गेम मला माहीत नाही.

लढाई किती असावी?

जितकी कथेला सोसते तितकीच. परीकथेतला नायक बलाढ्य नसतो. तो युक्तीने, नम्रतेने किंवा मदतनिसांच्या जोरावर जिंकतो. १९८४ च्या त्या पहिल्या गेममध्ये ड्रॅगनला खंजीर फेकून मारता येत असे, पण बादलीभर पाणी फेकून त्याची आग विझवणाऱ्याला गुण अधिक मिळत. हे तत्त्व पुढे बरेच जण विसरले. ‘नी नो कुनी’तल्या मधल्या भागातील लढाया इतक्या वारंवार येतात की गोष्टीचा धागा सुटतो, आणि ही तक्रार मी त्या गेमवर प्रेम असूनही करतो आहे.

आपल्या लोककथांतल्या राक्षसाचा जीव त्याच्या देहात नसतो. तो सात समुद्रांपलीकडच्या पिंजऱ्यातल्या पोपटात असतो. गेममधल्या शेवटच्या शत्रूसाठी याहून चांगली योजना सुचणे कठीण आहे. तलवारीचे हजार वार व्यर्थ जातात, राजकन्येला गोड बोलून राक्षसाचे गुपित काढावे लागते आणि खरा सामना पोपटापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवरच होतो.

चित्रशैलीला किती महत्त्व द्यावे?

बरेच, मात्र शैली खेळाच्या कामी आली पाहिजे. कॅपकॉमचा ‘ओकामी’ (२००६) जपानी शाईचित्रांच्या धाटणीत रंगवलेला आहे. त्यात सूर्यदेवता अमातेरासू पांढऱ्या लांडग्याच्या रूपात हिंडते आणि तिच्यासोबत इस्सुन नावाचा बोटभर उंचीचा, तोंडाळ चित्रकार असतो, जो जपानी लोककथेतल्या अंगुष्ठमात्र नायकावरून घेतलेला आहे. खेळणारा मध्येच चित्र थांबवतो, पडदा कागदासारखा होतो आणि हातात कुंचला येतो. सुकलेल्या झाडाभोवती वर्तुळ काढले की ते फुलते, तुटलेल्या पुलावर रेघोटी ओढली की पूल सांधला जातो.

माझ्या तेरा वर्षांच्या भाचीने हा गेम पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा रात्रीच्या आकाशात तिने वर्तुळ काढले, ते वेडेवाकडे झाले म्हणून पुसायला गेली, आणि तेवढ्यात सूर्य उगवला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “मामा, हा मी उगवला.” त्यानंतर अर्धा तास तिने दुसरे काहीही केले नाही, दिवस, रात्र, दिवस, रात्र. शैली कामी येणे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी नीट समजले.

संवाद पद्यात असावेत का?

‘चाइल्ड ऑफ लाइट’ (२०१४) या युबिसॉफ्टच्या माँट्रियल येथील चमूने केलेल्या गेममध्ये जवळजवळ सर्व संवाद यमकात आहेत. १८९५ च्या ऑस्ट्रियातली ऑरोरा नावाची लहान मुलगी जलरंगात रंगवलेल्या स्वप्नराज्यात जागी होते आणि गेम पुढे सरकतो तशी वयाने वाढत जाते. रुबेला नावाच्या विदूषक मुलीला मात्र यमक साधत नाही. ती दरवेळी भलताच शब्द घालते आणि सोबतचे तिला दुरुस्त करतात. यमकाचा अतिरेक होऊ लागला की हीच विदूषकी त्याला तोल देते. तरीही काही ठिकाणी यमकासाठी वाक्यरचना इतकी पिळली आहे की अर्थ दोनदा वाचावा लागतो. पद्य हवेच असेल तर ते थोडे आणि कानाला रुळणारे असावे. आपल्याकडे ओवी त्याला चांगली चालेल, कारण तिला जात्यावर बसून गोष्ट सांगण्याची सवय आहे.

जुन्या परीकथेची थट्टा करणारे किंवा ती उलटवणारे गेम या प्रकारात येतात का?

येतात, पण थट्टा करणाऱ्याचे मूळ कथेवर प्रेम असावे लागते. वॉर्सातील सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीच्या ‘द विचर ३’ ला २०१६ मध्ये ‘ब्लड अँड वाइन’ ही पुरवणी जोडली गेली. तिच्यात दोन राजकन्यांच्या बालपणी दरबारच्या जादूगाराने तयार केलेल्या एका पुस्तकात नायक शिरतो. पुस्तक कित्येक वर्षे बंद राहिल्यामुळे आतल्या कथा आंबून गेल्या आहेत: लांडगा आपल्या त्याच त्या भूमिकेला विटला आहे आणि काडेपेट्या विकणारी गरीब मुलगी भलताच माल विकू लागली आहे. या मुलीकडे एक साधी रिबीन असते. ती मिळवली नसेल तर पुढे, पुस्तकाबाहेरच्या जगात, एका पात्राचा जीव वाचवणे अवघड होते. विनोदाच्या गर्दीतही लहानशा वस्तूचा मोठा परिणाम होण्याचा नियम लेखकांनी सोडलेला नाही.

असे गेम मुलांना द्यावेत का?

वेष्टणावरचे वयाचे चिन्ह पाहूनच ठरवावे. ‘चाइल्ड ऑफ लाइट’ बहुतेक मुलांना चालेल. ‘द विचर ३’ प्रौढांसाठीच आहे. स्वीडनमध्ये तयार झालेल्या ‘ब्रॅम्बल: द माउंटन किंग’ (२०२३) या गेमच्या चित्रांवर विशेष लक्ष ठेवावे, कारण त्यातला लहानगा ओले आणि गोंडस बुटके पाहून तो बालगेम वाटतो आणि पुढे रक्तपात बराच आहे.

एखाद्या समाजाच्या लोककथेवर गेम करताना कोणती काळजी घ्यावी?

अलास्कातील इनुपियात समाजाच्या कथेवर आधारलेला ‘नेव्हर अलोन’ (२०१४) हा याचा चांगला धडा आहे. कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल या तेथील मूलनिवासींच्या संस्थेनेच त्यात पुढाकार घेतला. थांबता न थांबणाऱ्या हिमवादळाचा उगम शोधणारी नूना आणि तिचा पांढरा कोल्हा यांची ही गोष्ट. रॉबर्ट नॅसरुक क्लीव्हलँड हे कथेकरी जी कथा सांगत तिच्यात नायक मुलगा होता. गेममध्ये मुलगी घेण्यापूर्वी त्यांच्या कन्येची संमती घेण्यात आली. निवेदन इनुपियाक भाषेत आहे, इंग्रजी केवळ खाली अक्षरांत उमटते. खेळताना प्रथम ते थोडे जड जाते, नंतर तोच आवाज हवासा वाटतो.

भारतीय कथांवरचा असा गेम आहे का?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या चमूचा ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’ २०२० मध्ये आला. राक्षसांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधणारी राजी ही सर्कशीतली मुलगी आहे, त्यामुळे भिंतीवर धावणे आणि खांबाला गिरकी घेणे हे तिला शोभून दिसते. मधली कथा सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितली जाते, वास्तूंवर राजस्थानची छाप आहे आणि दुर्गा व विष्णू वरून पाहत तिच्याविषयी आपापसांत बोलतात. देवांचे हे बोलणे मला सर्वांत आवडले, कारण शंकर-पार्वती विमानातून जाताना खाली कोणाचे तरी दुःख पाहून थांबतात, त्या आपल्या कहाण्यांची आठवण त्यातून होते. मात्र गेम लवकर आटोपतो आणि लढाईकडे जास्त झुकतो.

मराठीत अजून बरेच पडून आहे. लेकीकडे निघालेल्या म्हातारीचीच गोष्ट घ्या. जाताना प्रत्येक श्वापदाला ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा’ असा वायदा करायचा आणि येताना त्याच वाटेने, त्याच क्रमाने, भोपळ्यात बसून टुणुक टुणुक निसटायचे. जातानाचा प्रत्येक वायदा येतानाचे संकट होऊन उभा राहतो, एकच जागा दोनदा वेगळी भासते आणि हातात शस्त्र एकही नसते. रचना तयारच आहे. कोणीतरी ती करायला घ्यावी.

किती लांबीचा गेम चांगला?

परीकथेला तीन ते दहा तास पुरतात. त्यापुढे नकाशे आणि वंशावळी सुरू होतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने कोणता गेम आधी घ्यावा?

दोन संध्याकाळी मोकळ्या असतील तर ‘ब्रदर्स’ घ्यावा, आणि तो कंट्रोलरवरच खेळावा, कीबोर्डवर नव्हे, कारण दोन हातांतला भेद तेथे जाणवला पाहिजे. घरात सोबत खेळणारे कोणी असेल तर ‘नेव्हर अलोन’ बरा, एकाने नूना व्हावे आणि दुसऱ्याने कोल्हा. ‘ओकामी’ सुट्टीसाठी राखून ठेवावा. तो बराच लांब आहे आणि त्याची प्रस्तावना फार रेंगाळते, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात हातात कुंचला आला नाही म्हणून गेम बंद करू नये.